जुना मोबाईल विकू, वापरू की टाकू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरात पडलेल्या जुन्या मोबाईलचं तुम्ही काय करता, आणि पत्रांचा अक्षरशः ढीग आला. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांचं उत्तर एकच होतं, “काहीच नाही, पडलाय ड्रॉवरमध्ये”. त्यातले जरा वेगवेगळे प्रश्न निवडून घेतलेत, काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : घरात पाच जुने फोन आहेत. दोन बटणांचे, तीन टचवाले. एक सोडून सगळे चालू होतात. बायको म्हणते सगळे एकदम रिसायकलिंगला देऊन टाका, मला जीवावर येतं. कोणाचं बरोबर?
– ड्रॉवरभर फोनवाला

दोघांचंही अर्धं अर्धं. चालू असलेला फोन थेट रिसायकलिंगला देणं म्हणजे नुकसानच, कारण फोनचा पर्यावरणावर जो भार पडतो त्यातला बहुतांश तो तयार होतानाच पडून गेलेला असतो, खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं वगैरे. आपण तो चार्ज करतो त्याची वीज त्यामानाने किरकोळ. म्हणजे फोन जितकी जास्त वर्षं कोणाच्या तरी हातात चालेल तितकं चांगलं, मग तो हात तुमचा असो की दुसऱ्याचा. पण जीवावर येतं म्हणून ठेवून देणं यात कोणाचाच फायदा नाही. आज जो फोन कोणीतरी आनंदाने वापरेल तो अजून तीन वर्षांनी कोणी फुकटही घेत नाही, अपडेट बंद, बॅटरी मेलेली, ॲप्स चालत नाहीत.

तर असं करा, पाचही टेबलावर मांडा. टचवाल्यांपैकी ज्यांना अजून सिक्युरिटी अपडेट येतात ते विका किंवा कोणाला तरी द्या, आणि याच महिन्यात द्या. अपडेट बंद झालेत पण चालू आहेत ते घरातल्या दुसऱ्या कामाला लावता येतील, त्याबद्दल पुढे लिहिलंय. बटणांच्या फोनचं आधी नेटवर्क बघा, बऱ्याच देशांत टूजी थ्रीजी बंद झालंय किंवा होत चाललंय, सिम टाकून कॉल लागत नसेल तर तो फोन आता फक्त धातू आणि प्लास्टिक आहे, खुशाल रिसायकलिंगला द्या. बंद पडलेलाही तिकडेच.

आणि तुम्ही एकटे नाही हो. २०२२ साली ई-कचऱ्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंदाज काढला होता की त्या एका वर्षात जगभरात ५३० कोटी फोन वापरातून बाद होतील, एकावर एक आडवे रचले तर सुमारे ५० हजार किलोमीटर उंच जातील. आणि त्यातले बरेचसे कचऱ्यातही जात नाहीत, लोकांच्या ड्रॉवरमध्येच राहतात.

प्रश्न : जुना फोन काढला तर मागचं कव्हर वर उचललं गेलंय आणि स्क्रीनही एका बाजूने सुटलीये. चार्जिंगला लावून बघू का चालू होतो का?
– एक घाबरलेली वाचक

नाही नाही, अजिबात नाही! बॅटरी फुगलीये. आतल्या द्रवाचं विघटन होऊन गॅस तयार होतो आणि बॅटरीच्या बंद पाकिटात अडकतो, म्हणून फुगते. चार्जिंगला लावायचं नाही, दाबून कव्हर बसवायचं नाही, सुईने टोचून गॅस काढायचा नाही (हे करणारे लोक आहेत, व्हिडिओ आहेत त्याचे, कृपा करून बघू नका), फ्रीजरमध्येही ठेवायचं नाही. फोन चालू असेल तर बंद करा. मग कागद, कपडे, पडदे यांच्यापासून लांब, उन्हात नाही अशा जागी पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यावर ठेवा, झाकण घट्ट लावू नका. आणि लवकरात लवकर बॅटऱ्या घेणाऱ्या कलेक्शन सेंटरवर किंवा रिपेअरवाल्याकडे न्या, जाण्याआधी फोन करून सांगा की फुगलेली आहे, कुरियरने तर पाठवूच नका.

नेहमीच्या कचऱ्यात टाकायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण कारण सांगतो. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली गेली की आतले दोन थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतं आणि पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि डेपोंना लागणाऱ्या बऱ्याच आगी अशाच लागतात आणि भोगतात ते तिथे काम करणारे.

प्रश्न : फोन विकायचाय पण भीती वाटते. फॅक्टरी रिसेट केल्यावर खरंच सगळं जातं का? माझा एक मित्र म्हणतो सॉफ्टवेअर टाकून सगळं परत काढता येतं. फोटो, बँकेचं ॲप, चॅट सगळं आहे त्यात. तीन महिने झाले विकेन विकेन म्हणतोय.
– तीन महिने टाळाटाळ करणारा

मित्राचं म्हणणं एकेकाळी खरं होतं. २०१४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने इंटरनेटवरून २० वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि मालकांनी पुसलाय असं समजून विकलेल्या त्या फोनांतून ४० हजारांहून जास्त फोटो परत काढून दाखवले होते. तिथून ही भीती पसरली ती अजून तशीच आहे. पण त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून नव्या फोनमधला डेटा बहुतेक वेळा एन्क्रिप्ट होऊनच साठवला जातो, आयफोनमध्ये तर त्याआधीपासून आहे. म्हणजे आत जे असतं ते कुलूपबंद असतं आणि रिसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मागे राहिलेलं कोणी काढलंच तरी ते निरर्थक अक्षरांचं भरीत असतं. तेव्हा गेल्या सात आठ वर्षांतला फोन असेल तर रिसेट पुरेसं आहे, फक्त ते नीट क्रमाने करा, कारण लोकांचं नुकसान होतं ते चोरीने नाही तर घाईने होतं.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि नुसता घेऊन थांबू नका, नव्या फोनवर फोटो उघडून बघा. चॅटचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो हे बरेच जण विसरतात. मग ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे ते जे दर तीस सेकंदाला सहा आकडी कोड बदलतं ते. त्यातली खाती नव्या फोनवर नेल्याशिवाय जुना फोन पुसलात तर स्वतःच्याच ईमेलच्या बाहेर उभे राहाल, आणि मग कस्टमर केअरशी महिनाभर झुंजा. बँकेच्या ॲपमधून लॉगआऊट करून नव्या फोनवर ते चालू झालं का बघा. सिम काढा, ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर हलवा. मेमरी कार्ड असेल तर तेही आठवणीने काढा कारण रिसेटने कार्ड सहसा पुसलं जात नाही, जुन्या फोनच्या खाचेत कार्ड राहून गेलेलं असतं आणि त्यावर सगळे लग्नाचे फोटो.

एक चूक मात्र करू नका, ‘आधी हाताने सगळे फोटो आणि कॉन्टॅक्ट डिलीट करतो, मग रिसेट’. खातं सिंक असतानाच डिलीट केलंत तर ते क्लाउडवरूनही जातं आणि नव्या फोनवरूनही गायब होतं. आधी खातं काढायचं. अँड्रॉइडवर गूगलचं खातं काढा, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून साइनआऊट करा, आणि त्यानंतर सेटिंगमधूनच रिसेट. बटणं दाबून रिसेट केलंत आणि खातं तसंच राहिलं तर नवीन माणसाला फोन तुमचा पासवर्ड मागत बसतो, त्याच्या दृष्टीने ती वीट. रिसायकलिंग आणि रिफर्बिशवाल्यांकडे (जुने फोन दुरुस्त करून विकणाऱ्यांकडे) चांगले चालू फोन निव्वळ या लॉकमुळे तोडायला जातात, फार वाईट वाटतं बघून.

आता करा आणि विका बुवा.

प्रश्न : माझ्या फोनची स्क्रीन पूर्ण गेलीये, काळी. रिंग वाजते म्हणजे आत जिवंत आहे. डेटा कसा पुसू? हातोडी मारू का?

हातोडी नको, आत बॅटरी आहे, वरचं फुगलेल्या बॅटरीचं उत्तर वाचा. ड्रिल तर नकोच नको.

फोन वायफायला जोडला जात असेल तर दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून तुमच्या खात्यात शिरा आणि फोन शोधायची जी सोय असते तिथून ‘इरेज’ करा. दिसतंय पण टच गेलाय असं असेल तर ओटीजी ॲडॅप्टर (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा माऊस जोडा, अँड्रॉइडवर बाण दिसायला लागतो आणि सगळं करता येतं, लोकांना हे माहीतच नसतं. स्क्रीन काळी पण काही फोन टाइप सी वायरने टीव्हीवर चित्र देतात, तेही बघा. यातलं काहीच जमलं नाही तर रिपेअरवाल्याकडे दहा मिनिटांसाठी दुसरी स्क्रीन लावून घेता येते. आणि तेही नको असेल तर, फोन नवीन आहे, पिन लावलेला आहे, तर आतला डेटा कुलूपबंदच आहे, आतल्या सर्किट बोर्डाचे तुकडे करूनच रिसायकल करतो असं लिहून देणारा रिसायकलर गाठा.

प्रश्न : दादा मी बारावीला आहे. माझ्याकडे बाबांचा जुना अँड्रॉइड आहे, त्याचा सीसीटीव्ही करायचाय. यूट्यूबवर ‘जुन्या फोनचे ५० भन्नाट उपयोग’ बघितले पण कुठला खरंच चालतो?

त्या पन्नासातले पंचेचाळीस एक दिवस चालतात. फोटोफ्रेम करतात, आठवडाभर बघतात, मग परत ड्रॉवर. तुझी कॅमेऱ्याची आयडिया मात्र चांगली आहे, कारण ती खरी गरज आहे आणि फोनचा कॅमेरा, माइक, वायफाय सगळं आयतं आहे. लॅपटॉपला वेबकॅम म्हणूनही जुना फोन मस्त चालतो, लॅपटॉपच्या आतल्या कॅमेऱ्यापेक्षा बऱ्याचदा चांगला. गाणी आणि पॉडकास्टसाठी वेगळा ठेव, अभ्यासाला बसताना मुख्य फोन दुसऱ्या खोलीत आणि या फोनवर फक्त डिक्शनरी, टायमर आणि पीडीएफ, हे तर तुझ्या वयाला मी कॅमेऱ्याच्याही आधी सुचवेन.

पण कॅमेरा करणार असशील तर एक गोष्ट नीट ऐक, जी त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. फोन चोवीस तास चार्जरला लावून ठेवलास तर बॅटरी सतत शंभर टक्क्यावर आणि वर गरम, लिथियम बॅटरीला याहून वाईट काही नाही, काही महिन्यांत ती वर लिहिल्यासारखी फुगू शकते. सेटिंगमध्ये ८० टक्क्यावर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लाव. नसेल तर टायमरवाला प्लग घे आणि दिवसातून ठरावीक वेळच चार्ज होऊ दे. उन्हात, खिडकीच्या काचेला चिकटवून किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. दर थोड्या दिवसांनी फोन सपाट टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघ, डुगडुगला तर पोट आलंय, काढ. आणि सिक्युरिटी अपडेट बंद झालेला असेल तर त्यात तुझं मुख्य ईमेल टाकू नकोस, नवीन खातं उघड. बेडरूमकडे तोंड करून तर ठेवूच नकोस.

अजून मोठं काही बघायचं असेल तर ऐक. रेनफॉरेस्ट कनेक्शन नावाची संस्था जुने फोन सोलर पॅनेल लावून जंगलात झाडांवर उंच बसवायची, फोन आवाज ऐकत राहतो आणि करवतीचा आवाज आला की रखवालदारांना कळतं. नासाने २०१३ मध्ये बाजारात मिळणाऱ्या साध्या स्मार्टफोनलाच मेंदू बनवून चिमुकले उपग्रह अवकाशात पाठवले होते. आणि २०२५ मध्ये एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या फोनच्या बॅटऱ्या काढून, बाहेरून वीज देऊन, त्यांचं छोटंसं डेटा सेंटर केलं. त्यातली पहिली पायरीच ‘बॅटरी काढली’ ही आहे हे लक्षात आलं ना?

प्रश्न : मोबाईलमध्ये सोनं असतं म्हणतात. ॲसिडमध्ये टाकून काढायचे व्हिडिओ बघितले. माझ्याकडे भंगारात मिळालेले पंधरा-वीस बोर्ड आहेत. फायदा होईल का?
– प्रयोगशील

असतं, खोटं नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २००६ साली हिशोब मांडला होता, एका फोनमध्ये साधारण १६ ग्रॅम तांबं, साधारण ०.३५ ग्रॅम चांदी, आणि सोनं ०.०३४ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम सोन्याला तीस फोन लागले. तुमच्या वीस बोर्डांत एक ग्रॅमही नाही, आणि तेही सगळंच्या सगळं निघालं तर, घरी ते कधीच निघत नाही.

बदल्यात काय मिळेल ते सांगतो. नायट्रिक ॲसिडमधून जो तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, तो फुफ्फुसात गेला की लगेच फार त्रास होईलच असं नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं, तोवर माणूस झोपलेला असतो. उरलेलं ॲसिड, त्यात विरघळलेलं शिसं आणि तांबं, ते तुम्ही ओतणार कुठे? मोरीतच ना?

कारखान्याला हे परवडतं कारण त्यांच्याकडे टनाने माल येतो. एक टन फोनमध्ये तीनशे ग्रॅमच्या आसपास सोनं भरतं आणि खाणीतल्या एक टन दगडात बहुतेक ठिकाणी काही ग्रॅमच, म्हणून जुने फोन म्हणजे चांगली खाण म्हणतात ते खरं आहे. टोकियो ऑलिम्पिकची सगळी सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंतून झाली, दोन वर्षं गोळा करत होते, ६२ लाखांवर मोबाईल आणि शिवाय लॅपटॉप, कॅमेरे मिळून जवळजवळ ७९ हजार टन सामान, त्यातून सोनं निघालं ३२ किलो. आता यात तुमचे वीस बोर्ड बसवा. द्या ते एखाद्या रिसायकलरला.

प्रश्न : आम्ही कलेक्शन बॉक्समध्ये फोन टाकतो, पुढे त्याचं काय होतं? की ते पण कुठल्या तरी गरीब देशात नेऊन जाळतात? विश्वास कसा ठेवायचा?
– शंकेखोर बाई (असं मुलगा म्हणतो)

शंका रास्त आहे बाई. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन नीट गोळा झालेला, रिसायकल झालेला फक्त २२.३ टक्के. बाकीचा कुठे गेला? काही घरात, काही कचरा डेपोत, आणि काही खरंच तुम्ही म्हणता तसा. घानामधलं अग्बोग्ब्लोशी, चीनमधलं ग्वियू ही नावं त्यामुळेच जगभर झाली, पोरं उघड्यावर वायरी जाळून तांबं काढायची. ‘वापरण्याजोगा सेकंडहँड माल’ असं कागदावर लिहून भंगार पाठवायची पळवाट जुनीच आहे. १९८९ च्या बासेल कराराने घातक कचरा असा देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आणली, आणि १ जानेवारी २०२५ पासून तर कुठलाही ई-कचरा, घातक असो नसो, घेणाऱ्या देशाची आधी संमती घेतल्याशिवाय पाठवता येत नाही असा बदल झालाय.

नीट होतं तेव्हा असं होतं : चालू फोन आधी बाजूला काढतात, दुरुस्त करून विकतात. बाकीच्यांची बॅटरी हाताने काढतात, तिचा रस्ता वेगळा, तिच्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम काढायचा प्रयत्न असतो. उरलेल्याचा चुरा करून चुंबकाने लोखंड वेगळं करतात, ॲल्युमिनियम वेगळं, आणि बोर्डाचे तुकडे तांब्याच्या भट्टीत जातात. सोनं, चांदी, पॅलेडियम वितळलेल्या तांब्यात मिसळून येतात, मग तांबं विजेवर शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो त्यात हे सगळं सापडतं. बेल्जियमला अँटवर्पजवळ होबोकेनला अशी प्रसिद्ध भट्टी आहे. पण टँटलम आणि स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम हे धातू भट्टीत उरणाऱ्या टाकाऊ मळीत जातात, ते सहसा परत मिळत नाहीत. म्हणून माझं मत, रिसायकलिंग हा शेवटचा पर्याय आहे, पुण्यकर्म वगैरे नाही.

विश्वासाचं म्हणाल तर बॉक्सवर नुसतं हिरवं पान काढलंय एवढ्यावर जाऊ नका. गोळा करणाऱ्याला विचारा, पुढे कोणाला देता, तुमच्या देशातल्या प्रदूषणखात्याची परवानगी आहे का, डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट देता का. धंदा चोख असेल तर तो रिसायकलरचं नाव पटकन सांगतो. “वरती ऑफिसला विचारा” म्हणाला तर समजून जा.

प्रश्न : नातवाने त्याचा जुना टचफोन मला दिलाय, आणि सून म्हणते धाकट्या नातीलाही एक खेळायला देऊ, सिम काढून. चालेल ना?
– एक आजी

आजी, तुमच्या फोनचं चालेल, पण नातवाला एक काम सांगा, सेटिंगमध्ये जाऊन शेवटचं सिक्युरिटी अपडेट कधीचं आहे ते बघ म्हणावं. दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर त्यावर बँकेचं काही ठेवू नका, बोलायला, फोटोला, व्हिडिओ कॉलला वापरा. चॅटची ॲप्सही फार जुन्या फोनवर चालायची बंद होतात. बॅटरी दुपारीच संपत असेल तर नवा फोन नको, नवी बॅटरी टाकून घ्या, तेवढ्याने फोन दोन-तीन वर्षं सहज पुढे जातो.

नातीला देताना मात्र जपून. अनेक देशांत सिम नसलेल्या फोनवरूनही आपत्कालीन नंबर लागतो, लॉक असला तरी लागतो, आणि पोरं नेमकी तीच बटणं दाबतात. तेव्हा सिम काढून भागत नाही, एअरप्लेन मोडही लावा, पण काही फोनवर त्यातूनही हा नंबर लागतो, म्हणून लक्ष ठेवा. मागचं कव्हर निघणारं असेल तर देऊच नका, लहान मूल बॅटरी तोंडात घालतं.

प्रश्न : जुने चार्जर, वायरी, इअरफोन पण त्याच बॉक्समध्ये टाकायचे का?

हो, टाका, वायरीत तांबं असतं. पण धड चालणारे टाइप सीचे चार्जर टाकू नका, पुढच्या फोनला तेच लागतील. मायक्रो यूएसबीची एखादी वायर ठेवा, जुना फोन पुसायच्या आधी तो चार्ज करावा लागतो आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही.